बाकावरचा तिसरा

डहाणू रोड स्टेशनबाहेर तलासरीला जाणाऱ्या शेअर इको गाड्या भरतील तशा नंबराने सुटतात. माझी मुलगी तलासरीला राहते, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा मला तिथून गाडी धरावी लागायची. यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत स्टँडवर गेलो की मी लगेच गाडीत बसत नसे. उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहायचो आणि आधी नंबर कुणाचा आहे ते बघायचो. एका ठरावीक गाडीचा असला, तर ती भरून निघेपर्यंत तिथेच थांबायचो. रसवाल्याला हे पाठ झालं होतं. “काका, गेला तो,” असं तोच मला सांगायचा. त्याला वाटायचं, त्या ड्रायव्हरशी माझं भांडण आहे.

भांडण असतं तर बरं होतं.

तो ड्रायव्हर माझा विद्यार्थी. मूळचा तलासरीकडच्या झरीचा. मी दिसलो की तो गाडीतून खाली उतरायचा, पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला उठवायचा, सीट फडक्याने झटकायचा आणि भर स्टँडवर ओरडायचा, “सर, इकडे! पुढे बसा.” भाड्याचं नाव काढू देत नसे. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर एकदा मी असाच सापडलो. पुढे एक मासेवाली बसली होती, मांडीवर सुक्या बोंबलांची पाटी.

“मावशे, ऊठ. आमचे हेडसर आलेत.”

“तुझे हेडसर असतील. मला काय शिकवलंय त्यांनी?” म्हणत ती उठली खरी, पण मागे सरकता सरकता मला म्हणाली, “मास्तर, तुम्ही दिसलात की आमचं नशीबच मागं जातं. ह्याला असं दिलंत तरी काय हो तुम्ही?”

“सरांनी माझ्यासाठी जे केलं ना मावशे, ते माझ्या बापाने नाय केलं,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तलासरी येईपर्यंत बघत राहिलो. मी त्याच्यासाठी काय केलं होतं, हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. ते आज लिहून टाकतो. आजवर तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा पंखा कमी करायला, एकदा उगाचच.

आमची शाळा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सरकारी, पाचवी ते दहावी. गावात ज्याला परवडलं त्याने आपली मुलं इंग्रजी शाळेत घातली. उरलेली सगळी आमच्याकडे. किनाऱ्यावरच्या वस्तीतली, बोटी लागल्या की आईबरोबर मासळी निवडायला जाणारी. तलासरीकडच्या पाड्यांवरून आलेली, इथे मामाकडे नाहीतर आत्याकडे राहणारी. फुग्यांच्या कारखान्यात कामाला आलेल्या कुटुंबांची, हिंदी बोलणारी. घरी बसून पाकिटं भरल्यामुळे त्यांच्या बोटांना कायम पांढरी पावडर असायची. आणि काही गुजराती बोलणारी, ज्यांचे वडील दुसऱ्याच्या दुकानात तागडी धरायचे. पुस्तकातली मराठी यांतल्या कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. ती माझ्या घरातही नव्हती; मी सांगलीकडचा. पण मी ती शिकलो होतो आणि सगळ्यांनी तशीच शिकावी असं मला वाटायचं.

पाड्यावरची मुलं सगळ्यांना ‘तू’ म्हणत. आईला, देवाला, मला. “सर, तू जेवला?” असं एखादं पोर व्हरांड्यात विचारायचं. त्यात अपमान नसतो, हे कळायला मला फार वेळ लागला नाही, तरीही त्यांना ‘तुम्ही’ म्हणायला लावण्यात मी कित्येक वर्षं घालवली.

मी मुख्याध्यापक झालो त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळेत गणिताच्या एक बाई आल्या. तिशीच्या असतील. आवाज असा की तासाला त्या कुठे आहेत ते शोधायला लागत नसे. त्यांनी आठवीचे बाक बदलले. एका बाकावर तीन मुलं आणि तिघं तीन घरांतली: एक किनाऱ्यावरचं, एक पाड्यावरचं, एक गावातलं. फळ्यावर गणित लिहिलं की आधी सगळ्यांनी आपापल्या बाकावर बोलायचं, हव्या त्या भाषेत. मग ज्याला उत्तर आलं त्याने हात वर करायचा. पण बाई त्याला विचारायच्याच नाहीत. त्या त्याच्या शेजारच्याला उभं करायच्या. त्याला सांगता आलं नाही तर बाक खाली बसायचा आणि पुन्हा बोलायला लागायचा. उत्तर बाकाचं, एकट्याचं नाही, असा नियम.

आवाज माझ्या ऑफिसापर्यंत यायचा. एक दिवस मी दारात जाऊन उभा राहिलो.

“बाई, हा वर्ग आहे की मासळीबाजार?”

“सर, बाजारात हिशेब न समजता कुणी घरी जात नाही,” त्या म्हणाल्या. वर्ग हसला. किनाऱ्यावरची मुलं जरा जास्तच हसली.

मी तिथेच उभा राहिलो, जरा रागानेच. फळ्यावर नफा-तोट्याचं गणित होतं. खिडकीजवळच्या बाकावर एक मच्छीमाराची मुलगी, फुगेवाल्यांचा एक मुलगा आणि मध्ये झरीचा तो मुलगा. तो शाळेत आल्यापासून कुणी त्याचा आवाज ऐकला नव्हता. आम्ही शिक्षक आपसांत त्याला मुका म्हणायचो. मुलगी त्याला मासळीचे वाटे मांडून दाखवावेत तसे बाकावर हात करून सांगत होती. मग तिने हात वर केला आणि बाईंनी नेमकं त्यालाच उभं केलं. तो उभा राहिला, जमिनीकडे बघत, आणि सगळं गणित बोलला. त्याच्या घरच्या बोलीत, अडखळत, पण शेवटपर्यंत.

“बाई, आता मी मराठीत सांगू?” मुलीने विचारलं.

“कशाला? कळलं की सगळ्यांना.”

कळलं होतं. मलाही कळलं होतं. मी ऑफिसात परत आलो.

त्यानंतर मी बाईंना अडवलं नाही. दुसऱ्या वर्गांतही तसे बाक लावले. निकाल सुधारला. आमच्या मुलांच्या घरी दिव्याखाली बसून शिकवणारं कुणी नव्हतं, शिकवणीला पाठवायची ऐपत नव्हती. त्यांना शेजारी बसलेलं पोर मिळालं. हे सगळं खरं आहे आणि ते मी खोटं ठरवणार नाही. त्या मच्छीमाराची मुलगी आज नर्स आहे. फुगेवाल्यांचा मुलगा रेल्वेत लागला. अशी कितीतरी. वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळं बोलणारी, हाताशी काही नसलेली मुलं एकमेकांच्या जोरावर पुढे गेली, ती याच शाळेत. साहेब लोक बघायला येऊ लागले. मी भाषणं करू लागलो. बाक मीच लावले असं मी कधी म्हणालो नाही. पण कुणी तसं म्हटलं की मी ते दुरुस्तही केलं नाही. आणि प्रवेशद्वाराशी मी एक फलक रंगवून घेतला. दरवर्षीचा दहावीचा निकाल. शंभर टक्के. त्याखाली शंभर टक्के. त्याखाली पुन्हा तेच.

ते शंभर खरे नव्हते.

बाकांमुळे बहुतेक मुलं पास होत होती. बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत. नववीच्या परीक्षेनंतर दरवर्षी तीन-चार मुलं अशी उरायची की ती दहावीत अडकतील अशी मला धास्ती वाटायची. त्यांच्यासाठी एक वाट होती. ती फक्त आमच्याच शाळेत नव्हती, पण मी माझंच लिहितो आहे. मुलाने घरगुती कारण दाखवून शाळा सोडायची, दाखला घ्यायचा आणि दहावीला बाहेरून बसायचं. सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात त्याला. मग तो पास झाला काय, नापास झाला काय, आमच्या निकालात धरला जात नाही. वर्षभर त्याला वर्ग नाही, बाई नाहीत, बाक नाही.

हे करायला पालकाची सही लागते. जबरदस्तीने कुणाला काढता येत नाही. म्हणून मी जबरदस्ती केली नाही. मी त्यांना ऑफिसात बोलावत असे, खुर्ची देत असे आणि चहा मागवत असे.

हे कसं लागू पडायचं ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. पाड्यावरचा माणूस सरकारी ऑफिसात गेला की दाराशी उभा राहतो. कुणी विचारलं तर भिंतीला टेकून खाली बसतो. खुर्चीवर बसा म्हणून त्याला आयुष्यात कुणी म्हटलेलं नसतं. मी म्हणायचो. तो खुर्चीच्या कडेवर बसायचा, कप दोन्ही हातांत धरायचा, आणि मी सांगायचो, “तुमच्या मुलासाठी आपण वेगळी सोय करतोय. त्याला रोज यायची गरज नाही. घरी कामाला हात लागेल, परीक्षाही होईल.” चहा संपायच्या आत अंगठा उठायचा. एकानेही कधी नाही म्हटलं नाही.

झरीचा तो मुलगा नववीत गणितात थोडक्यात राहिला. दिवाळीनंतर आई-बाप कामाला बाहेरगावी गेले तेव्हा धाकट्या भावंडांना सांभाळायला तो गावी गेला होता, त्याचे दोन महिने बुडाले होते. बाकावर आणखी एक वर्ष मिळालं असतं तर निघालाही असता. नसताही. मी वाट बघितली नाही. त्याच्या बापाला खुर्ची दिली.

बाई भांडायला आल्या. “सर, बाक तोडू नका.”

“निकाल पडला तर तुमचे बाकही जातील बाई,” मी म्हणालो. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं. अजूनही अर्धं वाटतं, आणि तोच त्रास आहे.

जूनमध्ये ती मच्छीमाराची मुलगी ऑफिसात आली. “सर, आमच्या बाकावरचा तिसरा कुठाय?”

“त्याने शाळा सोडली. घरची अडचण होती.”

“कसली?”

“तुला काय करायचंय? जा, अभ्यास कर.”

वर्षभर तिने त्याच्या जागेवर दप्तर ठेवलं, तिथे कुणाला बसू दिलं नाही. माझ्या फेरीत ते दप्तर मला दिसायचं. मी फेरीची वेळ बदलली.

तो बाहेरून बसला आणि गणितात नापास झाला. निकालानंतर पिशवीभर चिकू घेऊन माझ्या घरी आला. आम्ही तेव्हाही डहाणूतल्या मसोलीतच राहत होतो. “सर, माझीच चूक झाली. तुम्ही एवढी सोय केली,” म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चिकू ठेवून घेतले. त्यानंतर त्याने परीक्षा दिली नाही. वाडीत काम केलं, मग क्लीनर झाला, मग ड्रायव्हर.

यंदा उन्हाळ्यात, नववीच्या परीक्षा झाल्यावर, तो पुन्हा घरी आला. बरोबर मुलगी. मी व्हरांड्यात बसलो होतो. आडोसा घ्यायला जागा नव्हती.

“सर, ही माझी थोरली. आपल्याच शाळेत आहे, नववीत. माझ्या मामाच्याच घरी ठेवलीय, मी राहायचो तिथे.” मग तो एकदम खुलला. “काल शाळेत बोलावलं होतं. आपल्या गणिताच्या बाई आता हेडबाई आहेत ना, त्यांनी. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाल्या, हिची वेगळी सोय करू, सतरा नंबरने बसवू. मी म्हटलं, अहो बाई, हे तर आमच्या सरांनी माझ्यासाठी केलं होतं! सोमवारी सही करायचीय. तुम्ही चला ना बरोबर. तुम्ही असलात की बरं वाटेल.”

माझ्या हातातलं वर्तमानपत्र मी दुमडलं, पुन्हा उघडलं, पुन्हा दुमडलं.

“मला शाळेतच जायचंय,” मुलगी म्हणाली.

“गप. सर बोलतायत.”

“सर कुठे बोलतात? तूच बोलतो कवापासून.”

आतून माझ्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. ती पाणी घेऊन बाहेर आली आणि मुलीला विचारलं, “का गं, शाळेत काय ठेवलंय एवढं?”

“माझ्या बाकावर दोघी आहेत. त्या येतील मग मी नाय आली तर कसं?”

“बघतो,” मी म्हणालो. एवढंच. तो पाया पडून गेला.

बायकोने तांब्या उचलला. “बघतो म्हणजे काय बघणार?”

“तुला सगळं माहीत आहे का?”

“अहो, त्या चिकूंतला एकसुद्धा तुम्ही खाल्ला नव्हतात. मला शेजारी वाटायला लावले होतेत. मला वाटलं होतं, हे तुम्ही मेल्यावरच सांगाल.”

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. प्रवेशद्वाराशी फलक होता, नवा रंग दिलेला, खाली बरीच नवी वर्षं. हेडबाईंचे केस पांढरे झाले आहेत, आवाज तोच आहे. त्यांनी शिपायाला हाक मारली, “सरांना चहा.”

“चहा नको,” मी म्हणालो.

“तिचं काय करताय?” मी विचारलं.

“तुम्ही करायचात तेच.”

“तुम्ही भांडायचात माझ्याशी.”

“भांडायची. तेव्हा या खुर्चीत तुम्ही होता.” त्या खिडकीकडे वळल्या. “सर, बाजूला दोन इंग्रजी शाळा झाल्यात. पालक आत शिरताना तो फलक बघतात. एक वर्ष शंभरच्या खाली गेलं की पुढच्या वर्षी पट घसरतो, पट घसरला की शिक्षक जातात. मग बाक लावायला कोण उरणार? तुमचंच वाक्य आहे हे. तुम्ही तो फलक लावलात आणि गेलात. मी रोज त्याच्याखालून आत येते.”

“मुलगी कशी आहे?”

“कच्ची आहे. मीच शिकवते तिला. बाकावर बसून जमतं, एकटीला पेपर दिला की गोंधळते. नापास होईल बहुतेक.”

“होऊ दे.”

“होऊ दे?” बाईंचा आवाज चढला. “तुमच्या काळात एक तरी होऊ दिलंत?”

मी उठलो. निघताना त्यांनी थांबवलं. हळू म्हणाल्या, “सही केली नाही तर मी तिला काढू शकत नाही. तुम्हाला माहीत आहे ते. पण हे मी त्यांना सांगणार नाही. माझ्याने होणार नाही. तुम्ही सांगा.”

इथे मुलगी खरी हुशार होती, असं लिहिण्याचा मोह होतो. मग सगळंच सोपं झालं असतं. ती हुशार नाही. तिचा बापही गणितात कच्चाच होता. प्रश्न हुशारीचा नव्हताच. शाळा तिचीही होती की नाही, एवढाच होता. सोमवारी तिचा बाप त्या खुर्चीत बसला असता, आणि मी त्याच्या शेजारी बसलो असतो.

शनिवारी स्टँडवर गेलो आणि परत आलो. पुन्हा गेलो, त्याची गाडी नव्हती. मला हायसं वाटलं, आणि तेच वाटल्याची लाज वाटली. रविवारी सकाळी तो नंबरात पहिला होता, गाडी रिकामी. रसवाला माझ्याकडे बघत होता. मी सरळ जाऊन पुढच्या सीटवर बसलो.

“मुलीकडे निघालात सर?”

“हो. पण आधी ऐक. उद्या सही करू नकोस.”

तो हसला. “का? बाईंनी तर...”

“ती सोय नाही. ती कधीच सोय नव्हती. तू नापास झालास तर शाळेचा निकाल पडेल, म्हणून मी तुला शाळेतून काढलं. बाहेरून बसवलं म्हणजे तुझा निकाल आमच्यात धरला जात नाही. तुझ्या बापाने सही केली नसती तर मला काही करता आलं नसतं. तुझी शाळा मी सोडायला लावली.”

तो अजून हसतच होता, पण हसू चेहऱ्यावर नुसतं राहिलं होतं.

“बापाला खुर्ची दिली होती तुम्ही,” तो म्हणाला. “बाप मरेपर्यंत सांगायचा. सरांनी खुर्चीवर बसवला.”

“खुर्ची त्यासाठीच होती.”

तो बराच वेळ स्टिअरिंगवर बोट फिरवत बसला.

“शाळेत राहिलो असतो तर पास झालो असतो मी?”

“माहीत नाही.”

“माहीत नाय?” तो माझ्याकडे वळला. “तू मला काढला, आणि तुला माहीत पण नाय?”

कित्येक वर्षांनी तो मला ‘तू’ म्हणाला. ‘तुम्ही’ म्हणणं, मी शिकवलेलं एवढं एकच त्याने इतकी वर्षं जपलं होतं.

तेवढ्यात मासेवाली आली, पाटी काखेत. मला पुढे बघून म्हणाली, “बसला का देव गाभाऱ्यात? चला, आम्ही आपले मागे.”

“मावशे, तू पुढे बस,” तो म्हणाला.

ती दोघांकडे बघत राहिली. मी उतरलो आणि मागे जाऊन बसलो. पाटी तिने मागे माझ्याच पायाशी ठेवली. रस्ताभर ती आरशातून मला न्याहाळत होती. तलासरीला उतरल्यावर त्याने माझ्यासमोर हात पुढे केला. मी भाडं दिलं.

सोमवारी दुपारी हेडबाईंचा फोन आला. “येऊन गेले. खुर्चीत बसले नाहीत. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाले, सही नाय करणार, पोरगी शाळेतच बसेल. आणि गेले.” मग जरा थांबून, “आता मला तिला पास करायचंय सर.” त्यांच्या आवाजात राग होता की सुटका, ते मला कळलं नाही.

मी स्टँडवर जाणं बंद केलं. एसटीने जाऊ लागलो. शाळा सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी घरासमोर इको थांबली. तीन मुली उतरल्या: त्याची, एक किनाऱ्यावरच्या वस्तीतली, एक फुग्यांच्या पाकिटवाल्यांची. तो खाली उतरला नाही. इंजिन चालूच.

“हिला गणित शिकवा,” खिडकीतून म्हणाला. पुन्हा ‘तुम्ही’, पण ते ऐकून बरं वाटलं नाही.

“अरे, मी मराठीचा माणूस. गणित मला...”

“मग शिका.”

गाडी गेली. माझ्या बायकोने व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, “आता बसा.”

तेव्हापासून शाळेच्या दिवशी संध्याकाळी त्या येतात. मला बैजिक राशी येत नव्हत्या, अजूनही धड येत नाहीत. मी पुस्तक वाचून दाखवतो, त्या तिघी आपसांत बोलतात. किनाऱ्यावरची हिंदीत सांगते, हिंदीवाली मोडक्या मराठीत विचारते, झरीची दोघींचं ऐकून आपल्या बोलीत स्वतःशी पुटपुटते, आणि मग अचानक म्हणते, “हां.” मी मध्ये बोललो तर मला गप्प करतात. “सर, थांबा. अजून बाकाचं झालं नाय.” शाळेत मी हा आवाज दारातून ऐकला होता. आता त्यात बसतो, आणि मला बसवत नाही. मी उठतो, फेऱ्या मारतो, पुन्हा बसतो. ती नापास होऊ शकते. चाचणीत तिला कसेबसे गुण मिळाले, दुसऱ्या चाचणीत तेही नाहीत. परीक्षा मार्चमध्ये आहे. यंदा फलकावर शंभर येतील की नाही, सांगता येत नाही. हेडबाईंनी मला सांगितलं आहे, जे येईल ते रंगवायचं.

तो न्यायला येतो तेव्हा फाटकाबाहेर हॉर्न वाजवतो आणि मुली धावत जातात. आम्ही बोलत नाही. मी एकदा हात वर केला. त्याने बघितलं आणि गाडी वळवली.

परवा हॉर्न वाजला नाही. मुलींचं एका गणितावर अडलं होतं, दोन गाड्यांचं, एक आधी निघते आणि दुसरी मागून. बराच वेळ वाद चालला होता. मी मान वर केली तेव्हा तो फाटकाच्या आत आला होता आणि व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसला होता. किल्ली हातात. गाडी बंद. बायकोने आतून खुर्ची आणली. मी तिला मानेनेच नको म्हटलं. तिने ती परत नेली.

त्याची मुलगी सांगत होती. पहिली गाडी अमुक पुढे गेलेली आहे, मग दर तासाला फरक एवढा कमी होतो, मग... ती अडली. किनाऱ्यावरची तिला काहीतरी सांगायला गेली.

“थांब,” पायरीवरून तो म्हणाला, मागे न वळता. “तिला सांगू दे. फरक कमी होतो, तिथवर मला कळलं. त्याच्यापुढे परत सांग.”

मुलीने वही मांडीवर ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.